धागा : मरणाची भीती वाटणे म्हणजे अविश्वास आहे का?

उंबरठा (धागालेखिका)

माझी आई मागच्या ऑगस्टमध्ये गेली. नगरच्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पत्रकात "प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या" असे छापून आले आणि तिच्या नावाआधी 'कै.' न लिहिता, मराठी ख्रिस्ती घरांतील रीतीप्रमाणे, 'ख्रिस्तवासी' असे लिहिले गेले. हे दोन्ही शब्दप्रयोग मला लहानपणापासून आवडतात. पहिल्यात मरण ही झोप आहे आणि दुसऱ्यात गेलेला माणूस कुणाच्या तरी घरी राहायला गेला आहे. परंतु शेवटच्या सात आठवड्यांत मी जे पाहिले ते या शब्दांशी जुळत नव्हते, म्हणून हा धागा काढत आहे.

आई घाबरलेली होती. आयुष्यभर रविवारची उपासना न चुकवलेली, शब्बाथशाळेत मुलांना शिकवलेली, कित्येकांच्या दफनविधीला गीते म्हणायला पुढे उभी राहिलेली ही बाई रात्री दिवा मालवू देत नसे. एका पहाटे तिने माझे मनगट घट्ट धरले आणि म्हणाली, "मुली, मला इतक्यात जायचं नाही गं." त्याच आठवड्यात भेटायला आलेल्या एका व्यक्तीने खोलीच्या दाराशी उभे राहून मला समजावले की विश्वास पक्का असेल तर ख्रिस्ती माणसाला मरणाचे भय वाटतच नाही, तेव्हा आईच्या विश्वासासाठी प्रार्थना करा. आईने ते ऐकले. त्यानंतर तिने भीतीविषयी एक अक्षर काढले नाही. दिवा मात्र चालू ठेवायला लावी. तिचे मरण मी हळूहळू स्वीकारते आहे, पण शेवटचे अठरा दिवस तिने आपली भीती आमच्यापासून लपवून एकटीने सोसली, हे मला अजून स्वीकारता येत नाही.

आता तिच्या कबरेवर दगड बसवायचा आहे आणि पाथरवटाला ओळ द्यायची आहे. भावांना बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील ओळ हवी आहे : "अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" ओळ भव्य आहे यात शंका नाही. मात्र ती आईच्या नावाखाली कोरली तर तिच्या शेवटच्या आठवड्यांविषयी आपण खोटे बोलू, असे मला वाटत राहते.

एक गोष्ट माझ्या वाचनात आली ती येथे मांडते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात (२:१४-१५) ख्रिस्ताने आपल्या मरणाने काय साधले हे सांगताना लेखक म्हणतो की मरणाच्या भयाने जे आयुष्यभर दास्यात होते त्यांना त्याने मोकळे केले. भय नाहीसे केले, असे तेथे म्हटलेले नाही. मोकळे केले ते दास्यातून. मालकाचे राज्य संपले तरी मालक दाराशी येऊन ओरडू शकतो, आणि त्याचा आवाज ऐकून अंगावर काटा येऊ शकतो. हा अर्थ मी माझ्या सोयीने तर काढत नाही ना, हे जाणत्यांनी सांगावे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही निःसंकोच लिहावे.

जुनीवही

ताई, मी बेचाळीस वर्षे पाळक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. शेकडो दफने केली आहेत आणि तुमच्या आईला दाराआडून ऐकावे लागले तसे वाक्य मीही तरुणपणी एकदोनदा बोललो आहे, हे प्रथम कबूल करतो. तुमचा अर्थ सोयीचा नाही. तो मजकुराला धरून आहे.

येशूला अटक झाली ती गेथशेमाने बागेतील रात्र पाहा. मार्कने आपल्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) लिहिले आहे की येशू फार अस्वस्थ व व्याकूळ झाला, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे त्याने शिष्यांना सांगितले, जागे राहा म्हणून त्यांना विनवले, आणि हा प्याला दूर कर अशी पित्याकडे याचना केली. आपल्या आईने दिवा चालू ठेवायला सांगितला आणि तुमचे मनगट धरले. प्रभूने तीन शिष्यांना जवळ ठेवले आणि ते झोपी गेले याचे त्याला दुःख झाले. मरणापुढे घाबरणे हा अविश्वास असेल, तर तो आरोप प्रथम कोणावर जातो याचा विचार त्या व्यक्तीने केला नव्हता.

येशूचा मित्र लाजर मेला, त्या गोष्टीतही हेच आहे. बेथानीला पोहोचेपर्यंत लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे वाक्य येशू मार्थेला म्हणतो, आणि आता आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही थोड्याच वेळात रडतो. आशा असलेला माणूस रडत नाही, असे ज्याला वाटते त्याने योहानाचा अकरावा अध्याय सावकाश वाचावा. पौल तर त्याच पंधराव्या अध्यायात मरणाला 'शेवटचा शत्रू' म्हणतो. मित्र नव्हे, मुक्तिदाता नव्हे, निसर्गाचा नियमही नव्हे, शत्रू. शत्रू पाहून छाती धडधडली तर त्यात लाज कसली?

आता तुमच्या ओळीविषयी. "तुझी नांगी कोठे?" या उद्गाराच्या आधी काय आहे तेही पाहायला हवे, आणि ते आपण दफनाच्या घाईत बहुधा पाहत नाही. पौल म्हणतो की हे विनाशी जेव्हा अविनाशीपण धारण करील, तेव्हा हे वचन पूर्ण होईल. तेव्हा! यशया आणि होशेय या संदेष्ट्यांच्या शब्दांवरून त्याने गुंफलेली ही ललकारी त्या दिवसाची आहे. आज कबरेपाशी उभे राहून आपण ती म्हणतो ती आगाऊ म्हणतो, उधारीवर, देवाच्या शब्दावर विसंबून. म्हणून ती दगडावर कोरणे खोटे ठरणार नाही, पण मेलेल्या माणसाला मरताना कसे वाटले याचा तो दाखला आहे असे कुणी समजू नये.

गिरणाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवले नाही. आमच्या घरी कुणी गेले की गीतेचा दुसरा अध्याय वाचतात. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो तसा आत्मा जीर्ण शरीरे टाकून नवी धारण करतो, हे ऐकून माझ्या आजोबांना शेवटी खरोखर शांती मिळालेली मी पाहिली आहे. आत्मा मरतच नाही, ही समजूत आणि आपण म्हणता ते पुनरुत्थान, यांत नेमका फरक काय? दोन्हींचा अर्थ 'मरण हा शेवट नव्हे' असाच नाही का?

उंबरठा

आपल्या आजोबांची शांती खरी होती, आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. फरक विचारलात म्हणून मला कळतो तसा लिहिते.

योगायोग असा की पौलही त्याच अध्यायात वस्त्राचीच उपमा वापरतो, पण उलट्या बाजूने. गीतेत देह हे वस्त्र आहे आणि धारण करणारा आत्मा आहे. पौलाच्या वाक्यात हा विनाशी देहच धारण करणारा आहे, आणि त्याने नेसायचे आहे ते अविनाशीपण. एकीकडे देह टाकून द्यायचा आहे, दुसरीकडे देहाला सजवायचे आहे. आईचे वाकडे झालेले उजव्या हाताचे बोट, ज्याने ती पाटीवर अक्षरे गिरवून घेई, ते माझ्या लेखी तिचे वस्त्र नव्हते. ती आईच होती. म्हणून प्रेषितांच्या विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीत) आम्ही दर रविवारी 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो. 'आत्म्याचे अमरत्व' म्हणून थांबत नाही.

दुसरा फरक असा की आमच्या समजुतीप्रमाणे माणसात मुळातच न मरणारे असे काही आहे यावर भिस्त नाही. माणूस मातीचा आहे आणि मरतो, पुरता मरतो; त्याला पुन्हा उभे करणे हे देवाचे काम आहे. पौल पेरणीचे उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा असतो, उगवते ते ताट असते. दाण्यात आणि ताटात काहीच सारखे दिसत नाही, तरी गव्हाच्या दाण्यातून बाजरी येत नाही. उठेल ती आईच असेल, दुसरी कुणी नव्हे, आणि तरीही आज मी कल्पनाही करू शकणार नाही अशी असेल. येशूच्या पुनरुत्थानाच्या गोष्टींतही हे दोन्ही आहे : मरीया मग्दालियेला तो प्रथम माळी वाटतो, ओळख पटते ती त्याने नावाने हाक मारल्यावर, आणि लूक सांगतो की त्याने शिष्यांपुढे भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. जखमांचे व्रणही तसेच होते. आईचे बोट तसेच असेल की सरळ होईल, हा प्रश्न मी कधीकधी स्वतःला विचारते.

पायवाट

स्पष्ट लिहितो, राग नसावा. मी निरीश्वरवादी आहे. आपली आशा ज्या पुनरुत्थानावर उभी आहे ती घटना घडली होती कशावरून? आणि दुसरे असे की मरणाच्या भयातून मुक्त होण्यासाठी पुनरुत्थानाची गरजच काय? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांना ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरेचा कोणता आधार होता?

जुनीवही

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. सावित्रीबाईंपुढे मी मान लवतो. धैर्य ही ख्रिस्ती माणसांची मालमत्ता आहे, असे म्हणणारा मनुष्य इतिहास वाचत नाही आणि शेजाऱ्याकडेही पाहत नाही. ताईंनी मांडलेला 'दास्य' हा शब्द येथेही लागू पडतो असे मला वाटते, कारण त्या मुलाला उचलताना मरणाच्या भयाचा हुकूम सावित्रीबाईंवर चालला नाही.

ख्रिस्ती बाजूने मी एवढेच सांगेन की ही आशा जेथे खरी होती तेथे तिने असेच वागायला लावले. तिसऱ्या शतकाच्या मध्यात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये साथ आली तेव्हा तेथील बिशप सिप्रियन याने आपल्या लोकांना आपलेच नव्हे तर परक्यांचे, छळ करणाऱ्यांचेही रोगी सांभाळायला सांगितले. पुढे २५८ मध्ये त्याचाच शिरच्छेद झाला. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे द्यावेसे वाटते. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचा सारा भार जिच्यावर सोपवायचा होता तीच आधी गेली. रमाबाई स्वतः थकलेल्या, कानांनी अधू, आणि हाती मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर. त्या बसून राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतराचे काम पुरे झालेले होते. दुःख झाले नाही असे मी म्हणत नाही. मुलीच्या मरणाने त्यांच्या हातातली लेखणी काढून घेतली नाही, एवढे म्हणतो.

आता पुराव्याविषयी. करिंथकरांस पहिले पत्र इ.स. ५५ च्या सुमारास, म्हणजे क्रुसावरील मरणानंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेले आहे. त्यात पौल आपल्याला मिळालेली साक्षीदारांची यादी पुढे देतो आणि पाचशेहून अधिक जणांचा उल्लेख करून त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे सांगतो, म्हणजे विचारून घ्या असेच सुचवतो. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली आहे. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला किंमत नव्हती. इतिहासकार जोसेफसने तसे लिहूनच ठेवले आहे. गोष्ट रचायची असती तर रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. यावरून आपली खात्री पटेल असे मी समजत नाही. ही भूमितीतली सिद्धता नाही. पौल स्वतः मोकळेपणाने म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे. म्हणजे दुसरा दरवाजा त्याने शिल्लक ठेवलेला नाही, आणि मीही ठेवत नाही.

या धाग्याच्या विषयाशी जोडलेली एक गोष्ट मात्र राहून गेली. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या, चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत शेवट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर होतो. कबर रिकामी पाहून स्त्रिया थरथरत पळाल्या आणि त्यांनी कुणाला काही सांगितले नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. पुनरुत्थानाचा सर्वांत जुना वृत्तान्त 'भ्याल्या होत्या' या शब्दांवर संपतो. मी हा उतारा ईस्टरला क्वचितच वाचला. आता वाचावासा वाटतो.

पायवाट

पटले नाही, पण 'दुसरा दरवाजा शिल्लक ठेवलेला नाही' हा प्रामाणिकपणा आवडला. ताई, आपल्या आईविषयी वाचून वाईट वाटले. वाचत राहीन.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे आणि गेली चौदा वर्षे मरणासन्न रुग्णांच्या सेवेत आहे. श्रद्धावान रुग्ण घाबरत नाहीत आणि अश्रद्ध घाबरतात असे मी पाहिलेले नाही. सगळेच घाबरतात, आणि 'मरणाची भीती' असे आपण एका नावाने म्हणतो ती एक नसते. श्वास कोंडेल याची भीती असते, वेदना आवाक्याबाहेर जाईल याची असते, अंथरुण खराब होईल आणि सुनेला धुवावे लागेल याची असते, नातवाचे लग्न पाहायचे राहील याची हुरहुर असते, आणि आपण एकटे असताना होईल ही धास्ती तर जवळजवळ सर्वांना असते. या प्रत्येकीवर वेगळा इलाज लागतो. श्वासाच्या भीतीवर वचन वाचून दाखवणे पुरत नाही. तेथे मॉर्फिन लागते, उशी उंच करावी लागते, खिडकी उघडावी लागते.

ज्या बाईंनी हे शास्त्र उभे केले त्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. आणि निष्ठावान ख्रिस्ती होत्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) सुरू केले. शरीराची, मनाची, घरच्या अडचणींची आणि श्रद्धेतल्या प्रश्नांची वेदना एकमेकींत मिसळलेली असते, हा त्यांचा विचार आज आम्ही सगळे वापरतो. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. तेथे कोणत्याही धर्माच्या कर्करोगग्रस्तांना विनामूल्य ठेवून घेतात. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्यांनी मरणाऱ्याच्या देहाची इतकी काळजी का घ्यावी, असे मला एका विद्यार्थिनीने विचारले होते. ताईंनी वर देहाविषयी जे लिहिले आहे ते वाचून मला त्याचे उत्तर सापडले. जो देह उठणार आहे त्याची पाठ सोलवटू न देणे हे माझे काम आहे.

ताई, आपल्या आईंनी भीती लपवली, कारण ती बोलणे गैर आहे असे त्यांना सांगितले गेले. तरी दिवा चालू ठेवायला त्या सांगत राहिल्या आणि आपण तो ठेवलात. त्या दिव्यापुरते का होईना, त्यांनी आपल्याला सांगितले होते.

पश्चिमवारा

मी वसईचा, कॅथलिक. ताईंच्या मंडळीत आणि आमच्या चर्चमध्ये काही फरक आहेत. आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो, २ नोव्हेंबरला सिमेत्रीत (दफनभूमीत) जाऊन कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि फादर प्रत्येक कबरेवर पवित्र पाणी शिंपडतात. ते मतभेद येथे उकरत नाही. दोन गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात.

पहिली मेणबत्तीची. ईस्टरच्या आदल्या रात्री काळोखात नव्या अग्नीवर एक मोठी मेणबत्ती पेटवतात, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. तीच पास्काची मेणबत्ती पुढे वर्षभर बाळांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पेटते आणि तीच अंत्यविधीच्या मिस्साला (उपासनेला) शवपेटीजवळ ठेवतात. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आणि त्याच वर्षी माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला एकच मेणबत्ती जळाली. मधल्या सहा महिन्यांत ती वीतभर कमी झाली होती. पुनरुत्थानावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली, पण मला ते समजले असेल तर त्या वीतभर अंतरात समजले.

दुसरी गोष्ट दहनाची, कारण गिरणाकाठ यांच्या प्रश्नातून ती निघते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या मामांना परगावी विद्युतदाहिनीत द्यावे लागले. मामी कित्येक महिने विचारत होती, "आता ते कशातून उठतील?" आमच्या धर्मगुरूंनी तिला आजच्या फ्रान्समधील लियों शहराची गोष्ट सांगितली. इ.स. १७७ मध्ये तेथील ख्रिस्ती लोकांना ठार मारल्यावर छळ करणाऱ्यांनी मुद्दाम त्यांचे देह जाळले आणि राख र्‍होन नदीत टाकली, म्हणजे पुनरुत्थानाची आशाच उरणार नाही. त्या मंडळीने हे सारे पत्रात लिहून कळवले, आणि आशा काही नदीबरोबर वाहून गेली नाही. ज्याने मातीतून घडवले त्याला राख अडचण ठरत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. पुरणेच अधिक पसंत आहे असे ते अजूनही म्हणते, आणि २०१६ च्या सूचनेनुसार राख घरात न ठेवता, न उधळता, पवित्र ठिकाणी ठेवायची असते. मामांची राख आता आमच्या सिमेत्रीतल्या भिंतीत आहे. मामी तेथे दर रविवारी जाते.

गिरणाकाठ

उत्तरांबद्दल आभारी आहे. एकच विचारतो. उठायचे ते पुढे कधीतरी. मग तोपर्यंत गेलेली माणसे कोठे असतात?

जुनीवही

बायबल याविषयी मोजकेच बोलते. झोप हा शब्द आहेच. इंग्रजीतला 'सेमेटरी' हा शब्दही ग्रीकमधल्या 'झोपण्याची जागा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. दुसरीकडे क्रुसावरच्या चोराला येशू "आज" आपल्याबरोबर असशील असे म्हणतो आणि पौल ख्रिस्ताजवळ जाऊन असण्याची इच्छा बोलून दाखवतो. मी घरच्यांना एवढेच सांगत असे की ते त्याच्या हातांत आहेत.

पश्चिमवारा

हातांवरून आठवले. मी जहाजावर नोकरीला होतो तेव्हा इस्तंबूलला खोरा नावाचे जुने चर्च पाहिले होते, त्या वेळी ते संग्रहालय होते, आज मशीद आहे. त्याच्या बाजूच्या दालनात, जे मुळात कबरींसाठी बांधले होते, चौदाव्या शतकाच्या आरंभी काढलेले पुनरुत्थानाचे मोठे भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त मधोमध, पायाखाली अधोलोकाची मोडलेली दारे, कड्याकुलुपे विखुरलेली, आणि त्याने एका हाताने आदामाला व दुसऱ्या हाताने हव्वेला त्यांच्या कबरींतून बाहेर ओढले आहे. त्याने त्यांचे हात हातांत घेतलेले नाहीत, मनगटे धरली आहेत. हात धरायला समोरच्याने पकडावे लागते. मेलेल्याला पकडता येत नाही, म्हणून मनगट. ताईंनी पहिल्याच मजकुरात मनगटाचे लिहिले तेव्हापासून ते चित्र डोळ्यांपुढे आहे.

उंबरठा

आपणा सर्वांचे लिहिणे मी दोनदा वाचले आणि काल भावांनाही वाचून दाखवले. पश्चिमवारा यांचा मजकूर वाचताना मोठ्या भावाला पुढे वाचता येईना.

आईने त्या पहाटे माझे मनगट धरले तेव्हा तिला माझ्याकडून जे हवे होते ते मी देऊ शकत नव्हते. मी तिला ओढून धरू शकत नव्हते. ते मला तेव्हा कळले नाही आणि सहा महिने मी स्वतःला दोष देत राहिले. तिला दारामागून ऐकू आलेल्या वाक्याचा रागही अजून आहे, पण जुनीवही काकांनी आपली कबुली लिहिल्यामुळे तो थोडा उतरला, हे त्यांना मुद्दाम सांगायचे आहे.

दगडावरची ओळ ठरली. मार्कच्या पाचव्या अध्यायात याइराच्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. घरात रडारड चालली आहे, येशू आईबापांना घेऊन आत जातो, मुलीचा हात धरतो आणि आपल्या घरच्या अरामी बोलीत म्हणतो, "तलीथा कूम". मार्कने ते शब्द ग्रीकमध्ये लिहितानाही तसेच ठेवले आहेत आणि पुढे अर्थ दिला आहे : मुली, मी तुला सांगतो, ऊठ. मग तो घरच्यांना सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. ती मुलगी पुढे केव्हातरी पुन्हा मेली असणार, हे मला ठाऊक आहे, आणि हे शेवटचे पुनरुत्थान नव्हे हेही ठाऊक आहे. पण शेवटच्या दिवशी आवाज येईल तो याच माणसाचा, आणि आई ज्या शब्दाने मला हाक मारी त्याच शब्दाने तिला हाक यावी, असे मला वाटते. या ओळीत ती शूर होती असा दावा नाही. तिने काही करायचे आहे असेही नाही.

म्हणून दगडावर तिचे नाव, दोन तारखा आणि "मुली, ऊठ" एवढेच येईल. धाकट्या भावाच्या आग्रहावरून अगदी खाली लहान अक्षरांत '१ करिंथ १५' असा निर्देश असेल, म्हणजे ज्याला ललकारी वाचायची असेल तो घरी जाऊन वाचील.

पाथरवटाने विचारले, "बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या म्हणता, मग 'मुली' कसं?" त्याला मी ही सगळी गोष्ट उभ्याउभ्या सांगितली. तो ऐकत राहिला, मग त्याने माप घेतले. पुनरुत्थानाच्या रविवारी आमची पहाटेची उपासना त्याच कबरस्तानात असते, तेव्हा उजाडलेले नसते आणि अक्षरे दिसणार नाहीत, असे मी म्हणाले. त्यावर तो म्हणाला की अक्षरे कमी आहेत, तेव्हा मोठी काढतो आणि खोल कोरतो, अंधारात बोटांना लागतील इतकी.